सारखी अक्षरं शेजारी आली की

३ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

नमस्कार. आईच्या पायांना माझ्या वतीने हात लाव. नको म्हणाली तरी लाव.

मी बरा आहे. शिंकलो की डावी बरगडी अजून ओरडते, बाकी काही नाही. इथे कॉम्प्युटरचा वर्ग सुरू झालाय. हसू नकोस. आम्ही अकरा जण आणि कॉम्प्युटर एक, आणि तोही गेल्या आठवड्यात गेला. एकाने दुसऱ्याचं डोकं पडद्यावर आपटलं. डोकं टाके घालून शिवलं, पडदा काही शिवता आला नाही. आता मास्तर फळ्यावर शिकवतात आणि आम्ही वहीत प्रोग्रॅम लिहितो. तो चालतो की नाही हे देवालाही कळायला मार्ग नाही. म्हणून तुझ्या गळ्यात पडतोय. तुझ्या क्लासात मशिनं आहेत. मी लिहून पाठवतो, तू टाइप करून चालव आणि काय आलं ते कळव. टपालाने प्रोग्रॅम चालवणारे जगात आपण दोघेच असू.

गणित असं आहे. अक्षरांची एक रांग दिलेली असते, मास्तर तिला स्ट्रिंग म्हणतात. रांगेत दोन सारखी अक्षरं शेजारी आली की दोन्ही खोडायची. शेवटी काय उरलं ते छापायचं. नमुन्याला दिलंय: प क म म क ट. माझा प्रोग्रॅम मागच्या पानावर आहे. पहिल्या अक्षरापासून निघतो, शेजारी बघतो, सारखं दिसलं की दोन्ही उडवून पुढे जातो. सोपं आहे. मास्तर म्हणाले हे पहिलीच्या पोरांचं गणित.

दुसरी बातमी लिहावी की नाही कळत नव्हतं, पण भेटीला आलीस की कळणारच. पलीकडच्या बराकीचं छत खाली आलं, तिथली माणसं आमच्यात कोंबली. कानतुट्या आमच्याकडे आलाय. दुरुस्ती होईपर्यंत म्हणे. आपल्या कारखान्याच्या अंगणात दादाच्या डोक्यात पाइप घातला तोच हात आता माझ्यापासून तीन वळकट्यांवर पोळी मोडतो. त्यालाही माझा हात दिसतो. त्याचा थोरला भाऊ याच हाताने गेला. तुटलेला कान खाली घालून तो नेहमी माझ्याकडे पाठ करून झोपतो.

काळजी करू नकोस. आमचा मुकादम जुना कैदी आहे, बराकीचा कारभार त्याच्याकडे असतो. त्याने आमच्या मधे दोन पेंटर झोपवलेत, सख्खे भाऊ, रेड्यासारखे. मी, थोरला पेंटर, धाकटा पेंटर, मग तो. मुकादम म्हणाला, ही भिंत पाडून दाखवा.

तुझा,
भाऊजी

१६ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

आधी गणित. तुमचा प्रोग्रॅम चालवला. आलं काय, तर प क क ट. मास्तरांना दाखवा आणि दोन फटके खा. म म उडाले ते बरोबर, पण ते उडाल्यावर मागचा क आणि पुढचा क शेजारी आले की नाही? ते कोण बघणार, मी? तुम्ही एकदा रांगेवरून गेलात आणि हात झटकलेत. एकदा चाळून भागत नाही. काही उडालं की मागे वळून पुन्हा बघायचं. बरोबर उत्तर प ट.

आता बातमी. भाऊजी, तुम्ही ती इतक्या सहज लिहिलीत जणू कुणी पाहुणा आलाय. पत्र वाचून मी क्लासातल्या मुलींना घरी पाठवलं आणि कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये जाऊन बसले. तुमच्या दादांची हत्यारं अजून तिथेच टांगलेली आहेत. शटरवरचं त्यांचं रक्त मी चाकूने खरवडून काढलं होतं, आठवतं ना? तुम्हाला कसं आठवेल, तुम्हाला तोवर पोलिसांनी गाडीत घातलं होतं. केस चिकटले होते हो शटरला. आणि तो पोळी मोडतोय!

आईंना सांगितलं नाही. त्या तशाही बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात, जेवण दिलं की जेवतात.

भेटीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्हीही तुमच्या वळकट्यांच्याच क्रमाने बसतो, ठाऊक आहे का? कार्यालयातला शिपाई यादी वाचून टोकन देतो आणि त्याच ओळीने बसवतो. माझ्या शेजारी दोन्ही पेंटरांच्या बायका असतात. बडबड्या आहेत. त्यांच्या पलीकडे त्याची भावजय, म्हणजे तुम्ही ज्याला लोळवलंत त्याची बायको. पांढरी फटक. आम्ही एकमेकींकडे बघत नाही. तर थोरल्या पेंटरची बायको सांगत होती, मार्चअखेर दोघे भाऊ सुटतात.

म्हणजे दोन म उडाले. आता राहिले दोन क, शेजारी शेजारी. पुढे काय होतं ते तुम्ही सोडवा. मी उत्तराची वाट बघतेय. पत्र तपासणारे साहेब, हा पहिलीच्या पोरांचा अभ्यास आहे, खाडाखोड करू नका.

वहिनी

१ मार्च

ती. वहिनीस,

फटके खाल्ले. मास्तरांनी नाही मारलं, पण खाल्ले. चहाच्या रांगेत एकाने दुसऱ्याच्या तोंडावर उकळता चहा फेकला, त्या गर्दीत माझ्याही पाठीवर काठी बसली. ज्याच्या तोंडावर फेकला त्याची पापणी उघडत नाही. भांडण कशावरून, तर चपलेवरून.

गणित पुन्हा केलं. तू म्हणालीस तसं काही उडालं की मागे वळायचं, तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, लांब रांग असेल तर म्हातारं व्हायला होईल. मास्तरांनी वाट दाखवली. ताटांची चवड करायची. अक्षर आलं की चवडीवर ठेवायचं. पुढचं अक्षर वरच्या ताटासारखंच असेल तर ते ठेवायचं नाही, वरचंही उचलून फेकायचं. म्हणजे वर नवं ताट दिसतं आणि पुढच्या अक्षराची गाठ थेट त्याच्याशी. एकाच फेरीत काम होतं, मागे वळून बघावं लागत नाही. मला इतका आनंद झाला की शेजारच्या पेंटरला उठवून सांगितलं. तो म्हणाला, झोप, नाहीतर तुझीच चवड करतो.

नवा प्रोग्रॅम सोबत. क म म क एवढंच देऊन बघ. माझ्या हिशेबाने काहीच उरायला नको. रांग रिकामी.

तू दुसरं जे विचारलंस ते मला नीट कळलं नाही.

भाऊजी

१२ मार्च

प्रिय भाऊजी,

प्रोग्रॅम उत्तम चालला. शाबास! क म म क दिलं, पडद्यावर काही आलं नाही, नुसतं कोरं. लांबलचक रांगा देऊन पाहिल्या, चुटकीसरशी उत्तर. माझ्या क्लासातल्या निम्म्या मुलींना हे जमत नाही. तुमचे दादा असते तर गल्लीभर सांगत फिरले असते.

ते नाहीत. म्हणून तुम्हाला न कळलेलं पुन्हा सांगते. मला रांग रिकामी नकोय. मला एक क उरलेला हवाय. कोणता ते सांगायला नको. पेंटर सुटायच्या दिवशी दुसरा क खोडला गेलेला हवा, आणि खोडताना सावकाश खोडा. माझ्याकडे वेळ आहे.

भाऊजी, त्या दिवशी तुम्ही आरडाओरडा ऐकून मागच्या शेडमधून धावत आलात, पण पाइप दोनदा बसून झाला होता. तुम्हाला उशीर झाला. मी कधी बोलले नाही, आज बोलते. पुन्हा उशीर करू नका. हाताला धार आहे का, एवढंच कळवा. गणिताच्या भाषेत कळवा.

वहिनी

२९ मार्च
(थोरल्या पेंटरच्या हाती)

ती. वहिनीस,

हे पत्र कुणी तपासलेलं नाही. पेंटरने बुटाच्या तळाखाली घालून बाहेर आणलंय, वास आला तर माफ कर. म्हणून आज क आणि म करत नाही.

धार होती. इथल्या विणकामाच्या शेडमधली एक लोखंडी पट्टी मी जमिनीवर घासून घासून केली होती, करंगळीएवढी. तुझं पहिलं पत्र येण्याआधीच. तुला वाटतं तू मला पेटवतेस. वहिनी, मी तर तो बराकीत आला त्या दिवसापासून जळतोय. डोळा मिटला की मला त्याचा गळा दिसतो, हनुवटीखाली जिथे शीर उडते ती जागा. त्याच्याकडेही आहे. चमचा आहे, दांडा घासलेला. मी पाहिलाय आणि मी पाहिलाय हे त्यानेही पाहिलंय. आम्ही दोघे सारखेच दिवस मोजत होतो.

मग तुझं बारा मार्चचं पत्र आलं. एक क उरलेला हवाय. मी ते वाचून हसलो. वहिनी, तू क्लास चालवतेस आणि तूच गणित नीट वाचलं नाहीस. त्यात एक अक्षर दुसऱ्याला खोडतं असं कुठे म्हटलंय? शेजारी आले की दोन्ही जातात. जोडीतलं एक मागे राहतच नाही. त्याला मारून मी पुढच्या वर्षी घरी येईन असं तुला वाटतं का? तिथेच संपवतील मला, त्याची माणसं नाहीतर फास. आईला दोन मुलगे होते. तू तिला रिकामी रांग देणार आहेस.

म्हणून मी काल मुकादमाकडे गेलो. पट्टी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, मला लांब झोपव. त्याने ती अंगठ्याने चाचपली. म्हणाला, संडासाजवळची कोपऱ्यातली जागा आहे, घे. फुकट मिळाली नाही. घाबरट म्हणून बराकीतल्या चौघांनी मला धरून तुडवलं. खालचे दोन दात गेले आणि वरच्या ओठातून दात आरपार आलाय, पाणी पिताना गळतं. कानतुट्या बाजूला बसून बघत होता. एकदाही हसला नाही.

आता तो त्या टोकाला आणि मी या टोकाला. गणित सुटलं.

भाऊजी

६ एप्रिल

भाऊजी,

पेंटर पत्र देऊन गेला आणि चहाही न घेता पळाला, माझं तोंड बघूनच.

मला गणित शिकवू नका. चार जणांनी तुडवेपर्यंत गप्प पडून राहिलात आणि वर मला हिशेब सांगता! संडासाजवळ झोपा. जन्मभर झोपा. तुमच्या दादांनी तुम्हाला वेल्डिंग शिकवलं, पहिल्या पगाराची वाट न बघता बूट घेऊन दिले, आणि तुम्हाला त्यांच्यासाठी एक रात्र जागता आलं नाही. आईंचं नाव पुढे करून लपू नका. तुमच्या दादांवरचा पहिला हक्क माझा होता.

रविवारी भेटीला येतेय. जाळीपलीकडे नीट उभे राहा, तोंडावर थुंकायचंय.

२२ एप्रिल

वहिनी,

तू आली नाहीस. तुझी वाट बघत जाळीला नाक लावून उभा होतो, शिपायाने हाकललं. म्हणाला, बाहेर बायकांनी एकमेकींना फाडलंय, आज भेटी बंद. कोण ते सांगेना.

कोण ते मला दुसऱ्या दिवशी हौदावर कळलं. मी तोंड धुवायला वाकलो तसा मागून मानेवर हात बसला आणि डोकं पाण्यात गेलं. कानतुट्या कानाशी ओरडत होता, माझ्या वहिनीचा जबडा! माझ्या वहिनीचा जबडा! पाण्याखाली ते दुरून आल्यासारखं ऐकू येत होतं. मी हात उचलला नाही अशी फुशारकी मारणार नाही, हात उचलायला श्वासच नव्हता. हौदाच्या कडेवर कपाळ फुटलं. पाणी लाल झालेलं दिसलं आणि मग दिसेनासं झालं. मुकादमाने त्याला केसांनी धरून ओढलं म्हणून हे लिहितोय. त्याला आठ दिवस एकट्याच्या कोठडीत टाकलंय.

पडल्यापडल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. मुकादमाने माझी जागा बदलली, पण कार्यालयाच्या यादीत मी जिथल्या तिथेच आहे. पेंटर सुटले म्हणजे त्यांच्या बायकाही बाकावरून उठल्या. आणि मी इकडे दात पाडून घेऊन गणित सुटलं म्हणत बसलोय. एकदा चाळून भागत नाही हे तूच मला शिकवलंस आणि आपल्या दोघांनाही बाक दिसलं नाही.

तुला कितपत लागलंय? कुणाकडून तरी दोन ओळी पाठव. नुसतं जिवंत आहे एवढं कळव.

भाऊजी

५ मे

भाऊजी,

जिवंत आहे. डाव्या हाताने एकेक कळ दाबून टाइप करतेय, छापून पाठवीन. उजव्या हाताची तीन बोटं मोडलीत.

सगळं सांगते. बाकावर गेले तर पेंटरणींच्या जागा रिकाम्या. शिपाई म्हणाला, सरका, सरका, मधे मोकळं ठेवू नका, अजून माणसं बसायचीत. मी सरकले, तीही सरकली. तिचं कोपर माझ्या कोपराला लागलं. घामाने ओलं होतं. इतकी वर्षं मी तिला लांबून बघत होते, जवळून पाहिलं तर तिच्याही कपाळाला कुंकवाच्या जागी तोच कोरा डाग.

मी काही बोलले नाही, शपथ. तीच म्हणाली, पुढे बघत, अगदी हळू: "तुझा दीर संडासाजवळ झोपतो म्हणे." भाऊजी, तुमच्यावर थुंकायला निघालेली मी, पण तुमच्याबद्दल तिने बोललेलं मला ऐकवलं नाही. माझ्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती, भरलेली. मी ती तिच्या जबड्यावर घातली. कडकन आवाज आला. दुसऱ्यांदा घातली तेव्हा आवाज वेगळा आला, ओला. तिसऱ्यांदा उचलली तोवर तिने माझं मनगट धरून बाकाच्या फटीत बोटं घातली आणि सगळं अंग टाकून उलटी वाकवली. माझ्या बोटांचे आवाज मी मोजले. मग आम्ही खाली पडलो. तिचे केस माझ्या तोंडात, माझं नाक तिच्या गुडघ्याखाली. ती बोलायचा प्रयत्न करत होती आणि तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. मला बरं वाटत होतं, भाऊजी. खोटं कशाला सांगू. तुमचे दादा गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटत होतं.

तीन शिपायांनी सोडवलं. तिचा जबडा तारांनी बांधलाय, नळीने पिते म्हणे. माझं जे बरं वाटणं होतं ते दवाखान्याच्या दारापर्यंतही टिकलं नाही. प्लास्टर घालायच्या टेबलावर मी ओरडले ते बोटांसाठी नाही.

आम्हा दोघींची नावं भेटीच्या यादीतून काढलीत. तुमची सुटका होईपर्यंत मला फाटकाच्या आत येता येणार नाही. तिलाही नाही. दोघी एकदमच खोडल्या.

तुम्हाला पाण्यात बुडवलं ते माझ्यामुळे. हे वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तो काही डाव्या हातामुळे नाही.

अजून एक. घरी आले तेव्हा आई उठून बसल्या होत्या. माझा हात पाहिला. आज सकाळी म्हणाल्या, "पुढच्या भेटीला मी जाते." किती दिवसांनी बोलल्या, मी दचकलेच. नको म्हटलं तर ऐकेनात.

वहिनी

२० मे

ती. वहिनीस,

आई येऊन गेली. तुला तिने काय सांगितलं माहीत नाही, बहुतेक काहीच नसेल सांगितलं, म्हणून मी सांगतो.

तुझं पत्र आधी मिळालं होतं. यावेळी मी शेवटपर्यंत विचार केला. आपल्याकडून आता आईच येणार. त्याच्या घरीही दुसरं कुणी नाही, म्हणजे त्याचीही आईच येणार. आणि यादी तीच. बाकावर दोन म्हाताऱ्या शेजारी बसणार. मी मास्तरांना सांगितलं, मुकादमाला सांगितलं, साहेबांना अर्ज केला की माझ्या आईला वेगळं बसवा. अर्जावर शिक्का मारून परत आला. जाळीपाशी गेलो. हौदात डोकं होतं तेव्हाही एवढा घाबरलो नव्हतो.

त्याचीही भेट तेव्हाच होती. तो कोठडीतून कधीच परत आला होता, पलीकडच्या खिडकीशी उभा होता. आमच्या मधे एक शिपाई.

दोघी एकदमच आत आल्या. आईचा चष्मा सरळ होता, पातळ फाटलेलं नव्हतं, मी आधी तेच बघितलं. ती जाळीपाशी आली, माझं कपाळ, माझा ओठ, दातांची खिंड सगळं बघून घेतलं. बरा आहेस का असं नाही विचारलं. म्हणाली, "तिला दोन होते. मलाही दोन होते. आता एकेक उरलाय. पुन्हा हात उचललास तर आधी बाहेर ये आणि माझा गळा दाब, मग जा कुणाला मारायचं त्याला मार." आवाज चढवला नाही, पण पलीकडच्या खिडकीत शांत झालं होतं. मग म्हणाली, सूनबाईला बोटं हलवायला सांग, आखडतील. आणि वेळ संपल्याची घंटा होताच निघाली.

आता खरी गोष्ट. संध्याकाळी मोजणीच्या वेळी कानतुट्या माझ्या मागे उभा होता. मला वाटलं आली वेळ. मान आकसून घेतली. तो म्हणाला, "तुझी आई पुढच्या वेळी येणार आहे का?" मी म्हटलं, येईल. मग म्हणाला, "माझीला दिसत नाही फारसं. कुठे जायचं तर वहिनी न्यायची. फाटकासमोरचा रस्ता मोठा आहे." एवढंच. मला पुढचं कळलं, त्यालाही कळलं की मला कळलं.

वहिनी, मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याच हाताने दादा गेला, हे मी विसरलेलो नाही. तुझी बोटं तिच्याच सुनेने मोडलीत. आईला विचार. त्याआधी तू काय म्हणतेस ते कळव. तू नाही म्हणालीस तर मी त्याला नाही सांगेन.

भाऊजी

२८ मे

प्रिय भाऊजी,

आईंना काही विचारलं नाही. विचारायचं राहिलंच नाही.

त्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग गेले होते. त्यांना ठाऊक नाही. फाटकाच्या आत मला बंदी आहे, रस्त्यावर नाही. समोर पंक्चरवाला बसतो, त्याच्या टपरीआड उभी राहिले. तिथे विटेचा एक तुकडा पडला होता, तो डाव्या हातात घेतला. का घेतला म्हणून विचाराल, तर त्या म्हातारीसाठी घेतला. तिने कानतुट्याला जन्म दिला. मला आणखी काही कारण लागत नव्हतं. डाव्या हाताने नेम लागेल का, एवढीच शंका होती.

भेट संपली, दोघी बाहेर आल्या. ती म्हातारी रस्त्याच्या कडेला येऊन थांबली आणि पाय पुढे टाकून मागे घेऊ लागली, गाड्या जात होत्या. आई चार पावलं पुढे निघून आल्या होत्या. त्या थांबल्या. मागे वळल्या. मला वाटलं आता त्या तिला ढकलतात, आणि भाऊजी, मी श्वास रोखून वाट बघितली. त्यांनी तिच्या काखेत हात घातला. तिच्याकडे बघितलंही नाही. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं आणि तिला घेऊन रस्त्यात उतरल्या.

मी वीट उचलली होती. खांद्याच्या वर. राग तसाच होता, अजूनही आहे, तो गेला असं तुम्हाला वाटू देणार नाही. पण त्या दोघी इतक्या चिकटून चालत होत्या, दोघींची पांढरी डोकी, दोघींची तीच चाल, की लागली असती तर कुणाला लागली असती ते मला कळेना.

त्याला हो म्हणून सांगा.

वहिनी